कानाची साक्ष : एडगर ॲलन पोच्या कथा आणि एक ध्वनिमुद्रिका

एडगर ॲलन पोच्या कथांमधील भय पाहण्यापेक्षा ऐकण्याशी अधिक निगडित आहे. ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) मधील खुनी जमिनीच्या फळ्यांखाली दडवलेल्या म्हाताऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकतो. ‘द रेव्हन’ (१८४५) या कवितेतील विरही मध्यरात्री दारावरची टकटक ऐकतो. ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) मधील रॉडरिक अशर तळघरात ठेवलेल्या बहिणीच्या शवपेटीतली हालचाल दिवसेंदिवस ऐकत राहतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. वाचकाच्या कानावर मात्र यांतला एकही ध्वनी पडत नाही. छापील पान मुके असते. वाचकापर्यंत पोहोचते ती निवेदकाच्या कानाने दिलेली साक्ष, आणि तो कान धडधाकट आहे की नाही याविषयीची शंका पो आरंभीच पेरून ठेवतो. ‘टेल-टेल हार्ट’चा निवेदक आजारामुळे आपली श्रवणशक्ती तीव्र झाल्याचे अभिमानाने सांगतो आणि तेच त्याच्या वेडाचे पहिले लक्षण ठरते. या कथांमधील अलौकिक असे साक्षीच्या संशयास्पदतेत वसलेले असते आणि या संशयाला पानाच्या मुकेपणाचा आधार असतो.

अशा संहितेचे ध्वनीच्या माध्यमात रूपांतर करू पाहणाऱ्यापुढे एक मूलभूत पेच उभा राहतो. ठोके खरोखर वाजले की ते सर्वांनाच ऐकू येणार. निवेदकाचा खासगी भ्रम सार्वजनिक वस्तुस्थिती होणार. ते वाजवले नाहीत, तर ध्वनिमाध्यमाचा आश्रय घेण्याचे प्रयोजन उरत नाही. माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा कादंबरी आणि चित्रपट किंवा कथा आणि नाटक यांच्या संदर्भात होते, आणि ती ‘मुळाशी इमान’ या मुद्द्यावर येऊन थबकते. पोच्या बाबतीत इमानाच्या प्रश्नापेक्षा हा श्रवणाचा पेच अधिक निर्णायक आहे. त्याची परीक्षा पाहायची तर ‘टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन’ (१९७६) ही ‘द ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट’ची पहिली ध्वनिमुद्रिका तपासण्याजोगी आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहातील ही कृती सबंध पोच्या साहित्यावर बेतलेली आहे. काही ठिकाणी ती या पेचावर मात करते, काही ठिकाणी तिला त्याची जाणीवही नसल्याचे दिसते.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मधील आपल्या ग्रंथात या साहित्यप्रकाराची जी मीमांसा केली आहे, तिचा येथे उपयोग होतो. कथेतील घटनेला बुद्धिगम्य स्पष्टीकरण मिळाले, तर कथा ‘विलक्षणा’च्या प्रदेशात जाते, निसर्गनियमांपलीकडची सत्ता मान्य करावी लागली, तर ती ‘अद्भुता’च्या प्रदेशात जाते. या दोहोंच्या सीमेवर वाचक जेवढा वेळ दोलायमान राहतो, तेवढाच वेळ खऱ्या अर्थाने या प्रकाराचे अस्तित्व असते. ‘अशर’ला तोदोरोव्ह विलक्षणाच्या बाजूला, पण सीमेलगत ठेवतो. मराठीत ‘भयकथा’ आणि ‘गूढकथा’ या संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, परंतु त्यांमध्ये याच स्वरूपाचा भेद करता येण्यासारखा आहे. नारायण धारपांच्या समर्थकथांमध्ये अमानवी शक्तीचे अस्तित्व गृहीत असते आणि संघर्ष तिच्याशी असतो. तेथे श्रोत्याच्या कानावर अविश्वास दाखवण्याचे कारण नसते. पोच्या कथांना या अर्थाने ‘गूढ’ हेच विशेषण अधिक शोभते. (संग्रहाचे शीर्षक मात्र पोचे नव्हे. त्याने १८४० मध्ये स्वतः दिलेल्या नावात ‘विद्रूप’ आणि ‘अरबी वेलबुट्टी’ यांचा निर्देश होता. ‘मिस्टरी अँड इमॅजिनेशन’ हे नाव त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या निवडक कथांच्या आवृत्त्यांमुळे रूढ झाले.)

ध्वनिमुद्रिकेच्या घडणीविषयी एक बाब आधीच नोंदवणे आवश्यक आहे. ॲलन पार्सन्स हा मूळचा ध्वनिमुद्रण-अभियंता. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) चे मुद्रण त्याने लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केले होते. एरिक वुल्फसन हा गीतकार-संगीतकार त्याचा सहकारी, तर वाद्यवृंदाची रचना आणि संचालन अँड्र्यू पॉवेलचे. ‘प्रोजेक्ट’ हा रूढ अर्थाने वाद्यसंच नव्हता. त्याला ठरलेला गायक नव्हता आणि त्या काळात तो रंगमंचावरही आला नाही. प्रत्येक गीताला वेगळा कंठ भाड्याने आणावा, तसा आणला गेला. रॉक संगीतात गायकाचा देह, त्याचा चेहरा, त्याची रंगमंचीय उपस्थिती यांना जे मध्यवर्ती स्थान असते, ते येथे रिकामे आहे. ‘हे कोण बोलत आहे?’ या प्रश्नाला येथे सरळ उत्तर मिळत नाही. पोच्या निनावी निवेदकांशी या कृतीचे पहिले नाते विषयाच्या निवडीआधी निर्मितीच्या या पद्धतीतच जुळलेले आहे.

तबकडीच्या पहिल्या बाजूचा आरंभ ‘अ ड्रीम विदिन अ ड्रीम’ या शब्दविरहित रचनेने होतो. तिच्या अखेरीस बास गिटारची एक संथ, आवर्ती आकृती उरते आणि तिच्यावरच ‘द रेव्हन’ उभे राहते. १९७६ च्या संहितेत श्रोत्याला ऐकू येणारा पहिला शब्द येथे येतो, आणि तो निखळ मानवी कंठातून येत नाही. तो व्होकोडरमधून येतो. या यंत्रात मानवी आवाजाचे विश्लेषण होऊन त्यातील उच्चाराचे वळण दुसऱ्या, वाद्यजन्य ध्वनीवर उमटवले जाते. शब्द शिल्लक राहतात, गळा नाहीसा होतो. रॉक संगीतातील व्होकोडरच्या आरंभीच्या उपयोगांपैकी हा एक आहे. तांत्रिक नवलाई म्हणूनच बहुतेकांनी त्याकडे पाहिले. त्याचा साहित्यिक अर्थ त्याहून खोल आहे.

‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ (१८४६) या निबंधात पो आपल्या कवितेच्या रचनेचा हिशेब देतो. एकच शब्द पुन्हापुन्हा यावयाचा होता. विचार करणारा माणूस तो इतक्या वेळा का उच्चारील, ही अडचण होती. म्हणून विचार न करता बोलू शकणारा प्राणी हवा होता. आधी पोपट सुचला, मग त्याची जागा डोमकावळ्याने घेतली. (हा हिशेब नंतर रचलेला आहे, असा संशय अनेकांनी घेतला आहे आणि तो रास्त असू शकेल, परंतु कवितेच्या आकलनासाठी त्याचे मोल कमी होत नाही.) म्हणजे पक्षी हे कवितेतील यंत्र आहे: बुद्धीवाचून वाणी. माणूस त्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर काय येणार हे पुरते ठाऊक असल्यामुळेच अधिकाधिक जिव्हारी लागणारे प्रश्न विचारत जातो. या आत्मपीडनातील सुखाकडे पोने स्वतःच लक्ष वेधले आहे.

आता ध्वनिमुद्रिकेत व्होकोडरचा आवाज कोणाला दिला आहे ते पाहावे. तो डोमकावळ्याला दिलेला नाही. अपेक्षित, आणि म्हणून बाळबोध, अशी ती योजना ठरली असती. यांत्रिक आवाज निवेदकाला मिळाला आहे. मध्यरात्री जागा होऊन टकटक ऐकणारा माणूसच आरंभापासून यंत्राच्या वाणीने बोलतो. कवितेत जो निष्कर्ष शेवटच्या कडव्यांपर्यंत वाचकाला स्वतः काढावा लागतो, की ठरीव प्रश्न आणि ठरीव उत्तर यांच्या आवर्तनात खरे यंत्र बनला आहे तो माणूस, तो येथे ध्वनीच्या पोतातच मांडला गेला आहे. पुढे लेनर्ड व्हाइटिंगचा मानवी कंठ आणि त्यामागोमाग समूहस्वर येतात, रचना भव्य होते आणि काहीशी सैलही पडते. पण पहिल्या दोन मिनिटांत जे साधले आहे, ते पोच्या कवितेवरील एका मार्मिक भाष्याच्या तोलाचे आहे. भाष्य करण्यासाठी शब्दच लागतात या समजुतीला ते छेद देते. हा यंत्रस्वर खुद्द पार्सन्सचा आहे. म्हणजे आपल्या पहिल्या कृतीत निर्मात्याने स्वतःचा कंठ दिला, तो ओळखू येणार नाही अशी व्यवस्था करून.

‘टेल-टेल हार्ट’मध्ये मात्र पेचाने बाजी मारली आहे. आर्थर ब्राउनचा किंकाळीवजा, ताणलेला स्वर आरंभालाच वेडाची घोषणा करतो. पोचा निवेदक याच्या नेमके उलट वागतो. आपण शहाणे आहोत, किती शांतपणे सांगतो आहोत पाहा, असे तो पुनःपुन्हा बजावतो, आणि भय त्या शांतपणाच्या आग्रहातून झिरपते. शेवटच्या काही ओळींत संयम सुटतो तो या पूर्वतयारीमुळेच हादरवून टाकतो. गीतात सुटायला संयमच नाही. दुसरी अडचण त्याहून मूलगामी आहे. रॉक संगीताचा कणाच ठोका हा आहे. ड्रमचा ठेका ही तेथे सर्वांची सामाईक मालमत्ता असते. गायक, वादक, श्रोता सगळे त्यावरच उभे असतात. पोच्या कथेत ठोका एकट्याचा आहे. पोलीस गप्पा मारत बसलेले आहेत, त्यांना काही ऐकू येत नाही. किंवा येते आणि ते तसे भासवत नाहीत, असे निवेदकाला वाटते. या ‘किंवा’वर कथा तोललेली आहे. जेथे प्रत्येक गीत ठोक्यावरच चालते, तेथे त्या एका ठोक्याला वेगळी जागा उरत नाही. रचना वेगवान आहे, तिच्या मध्यावरील वाद्यवृंदाचा संथ भाग देखणाही आहे, पण तिच्यातून कथा निघून गेलेली आहे.

‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ची गोष्ट निराळी. मूळ कथेतला मॉन्ट्रेसर आपल्या शत्रूला मद्याची लालूच दाखवून तळघरात नेतो, साखळीने जखडतो आणि भिंत बांधून जिवंत गाडतो. हे सारे तो अर्धशतकानंतर, अत्यंत सभ्य शब्दांत सांगतो. जॉन माइल्सच्या स्वच्छ, आर्जवी कंठाला पियानो आणि तंतुवाद्यांची साथ देऊन जवळजवळ प्रेमगीताची वाटावी अशी चाल येथे योजली आहे. त्याच गीतात बळीची याचनाही मिसळते आणि सूड घेणारा व दया मागणारा एकाच माधुर्यात वाटेकरी होतात. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम सांगितले, त्यांपैकी विरोधलयीचे हे उदाहरण म्हणून दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण मर्ढेकरांची लय ही एकाच माध्यमातील घटकांच्या संबंधांची असते, आणि येथे विरोध आहे तो शब्दांचा अर्थ आणि सुरांचा गोडवा या दोन माध्यमांमधला. कदाचित गीत या मिश्र प्रकारासाठी त्या नियमांचा विस्तारच करावा लागेल. काही असले तरी परिणाम निर्विवाद आहे. मॉन्ट्रेसरच्या सभ्यपणाला येथे नेमका ध्वनिपर्याय सापडला आहे आणि ब्राउनच्या किंकाळीने जे गमावले, ते माइल्सच्या गोडव्याने परत मिळवले आहे.

‘डॉक्टर टार अँड प्रोफेसर फेदर’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. फ्रान्समधील वेड्यांच्या इस्पितळात मेजवानीला बसलेला पाहुणा आतून येणाऱ्या आरोळ्या ऐकतो आणि त्या वेड्यांच्या समजतो; प्रत्यक्षात त्या कोंडून घातलेल्या रखवालदारांच्या असतात आणि यजमानच वेडे असतात. कानाने दिलेल्या साक्षीचा चुकीचा अर्थ लावणे हा येथील विनोदाचा गाभा. गीत उडते, चटकदार आहे. अमेरिकेतील विक्रीच्या यादीत ते ३७ व्या क्रमांकापर्यंत गेले. त्या आरोळ्यांचे मात्र त्यात काहीच झालेले नाही.

तबकडी उलटल्यावर कृतीचे स्वरूप पालटते. दुसऱ्या बाजूचा बहुतांश भाग ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ या सुमारे १६ मिनिटांच्या, पाच खंडांच्या शब्दविरहित रचनेने व्यापला आहे: ‘प्रील्यूड’, ‘अरायव्हल’, ‘इंटरमेझो’, ‘पव्हान’ आणि ‘फॉल’. निवेदक येथे नाहीच. ज्याच्या कानावर संशय घ्यावा तो गेल्यामुळे तो संशय आता श्रोत्याच्या स्वतःच्या कानाकडे वळतो, आणि हीच या कृतीतील सर्वांत धाडसी खेळी होय.

‘अशर’ ही पोची सर्वाधिक ध्वनिसंवेदनशील कथा आहे. रॉडरिकची सारी इंद्रिये रोगट तीव्रतेला पोहोचली आहेत. विशिष्ट तंतुवाद्यांच्या नादाखेरीज कोणताही आवाज त्याला भयंकर वाटतो. तो स्वतः गिटारवर विचित्र रचना वाजवीत बसतो. ध्वनिमुद्रिकेच्या कर्त्यांनी हा तपशील किती जाणीवपूर्वक वाचला हे सांगता येणार नाही, पण ‘पव्हान’ हा खंड छेडल्या जाणाऱ्या आणि आघाताने वाजणाऱ्या तारांचाच आहे: गिटार, फिनलंडचे कांतेले, हंगेरीकडचे सिंबलम. एका मंद, जुनाट दरबारी नृत्याच्या आकृतीत या तारा एकमेकींना जोडल्या जातात. जणू रॉडरिकला सोसवतील एवढेच आवाज त्या खोलीत उरू दिले आहेत. या चार-साडेचार मिनिटांत कोणतीही भीतिदायक क्लृप्ती नाही. ‘यापलीकडचे सारे आवाज बाहेर थोपवून धरलेले आहेत’ ही जाणीव तेवढी आहे आणि ती पुरेशी आहे.

‘प्रील्यूड’मागे आणखी एक सावली आहे. क्लोद देब्यूसीने १९०८ ते १९१७ या काळात याच कथेवर एकांकी संगीतिका रचण्याचा प्रयत्न केला. संहिता स्वतः लिहिली, आणि १९१८ मध्ये तो वारला तेव्हा काम अपुरेच होते. ‘प्रील्यूड’मधील वाद्यवृंदावर त्या अपुऱ्या रचनेची ठळक छाया आहे, श्रेयनामावलीत मात्र देब्यूसीचे नाव नाही. ही नैतिक त्रुटी म्हणून नोंदवलीच पाहिजे. पण ढासळत्या घराची गोष्ट सांगताना कोणी अपुऱ्या राहिलेल्या घराचे चिरे वापरावेत, यातला योगायोग अर्थपूर्ण आहे. लोकप्रिय संगीताने अभिजात परंपरेचे अवशेष उचलून आपली भव्यता उभी करावी, हा प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा नेहमीचा आक्षेप. येथे तो खरा आहे आणि येथेच तो सर्वांत कमी खटकतो.

‘अरायव्हल’ मात्र सपशेल फसले आहे. पाऊस कोसळतो, मेघगर्जना होते, मग ऑर्गन घुमतो. पोच्या कथेचा आरंभ आठवावा: शरदातला एक मळभट दिवस, खाली आलेले ढग, आणि कोठेही आवाज नाही. हे निःशब्द आगमन पोने मुद्दाम योजले आहे, कारण ज्या घरात पुढे प्रत्येक आवाज संशयास्पद होणार आहे, त्याच्या उंबरठ्यापर्यंत शांतता असली पाहिजे. वादळ येते ते अखेरच्या रात्री, आणि तेव्हाही निवेदक आवर्जून सांगतो की वीज चमकत नव्हती. ध्वनिमुद्रिकेतला गडगडाट पोच्या कथेतून आलेला नसून भयपटांच्या ठरीव सामग्रीतून आलेला आहे. ज्यांनी निवेदकाला हद्दपार करण्याचे धैर्य दाखवले, त्यांना शांततेवर विसंबण्याचे धैर्य झाले नाही.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. अखेरच्या रात्री निवेदक रॉडरिकला एक जुनी वीरकथा वाचून दाखवतो. ती पोनेच रचलेली आहे. तिच्यात दार फुटल्याचा आवाज येतो आणि घरात कोठेतरी तसाच आवाज होतो. किंकाळीचे वर्णन येते आणि किंकाळी ऐकू येते. ढाल आदळते आणि धातूचा नाद उमटतो. लिहिलेला ध्वनी वाचला जाताच खरा होतो, आणि तोही निवेदकाच्याच साक्षीने. संहिता आणि श्रवण यांच्यामधील ज्या पेचाची चर्चा आतापर्यंत केली, तो पोने स्वतः येथे प्रसंगरूपाने उभा केला आहे. त्याच्या कथांवर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याला याहून योग्य जागा मिळणे कठीण होते. ‘पव्हान’ संपताच मात्र ५१ सेकंदांचा ‘फॉल’ येतो, वाद्यवृंद कर्कश कोसळतो आणि सारे संपते. वाचनाचा प्रसंग वगळला गेला आहे. त्यानंतर टेरी सिल्व्हेस्टरने गायलेले ‘टू वन इन पॅराडाइज’ हे मृदू गीत तळ्यात बुडालेल्या घरावर सांत्वनाचा हात फिरवते. पो हे सांत्वन देत नाही. तळ्याचे पाणी मिटते आणि कथा थांबते.

उणिवा जमेस धरूनही १९७६ च्या संहितेचे वैशिष्ट्य टिकून राहते: ती पोला बोलू देत नाही. १९८७ मध्ये पार्सन्सने केलेल्या नव्या मिश्रणाने नेमके तेच बदलले. ऑर्सन वेल्सने पूर्वी मुद्रित करून दिलेले निवेदन त्यात दोन ठिकाणी जोडण्यात आले: एक अगदी आरंभी, दुसरे ‘प्रील्यूड’च्या तोंडाशी. तोपर्यंत वेल्स हयात नव्हता. १९८५ मध्ये त्याचे निधन झाले होते. मृताचा आवाज मृत लेखकाचे विचार सांगतो, ही कल्पना आकर्षक वाटते खरी. परिणाम मात्र विपरीत होतो. आता पहिला शब्द व्होकोडरचा राहत नाही. तो जगाला परिचित असलेल्या, उबदार, अधिकारवाणीच्या कंठातून येतो. ‘कोण बोलत आहे?’ या प्रश्नाला पहिल्याच मिनिटात उत्तर मिळते आणि पुढे येणारा यंत्रस्वर केवळ करामत वाटू लागतो.

दुसरे निवेदन तर आत्मघातकी आहे. त्याचा आधार पोचा १८३१ मधला एक विचार. सुखद कल्पनेशी जोडलेले संगीत म्हणजे काव्य, आणि कल्पनेवाचूनचे संगीत म्हणजे नुसते संगीत, असा त्याचा आशय. तरुण पोच्या काव्यविचारात त्याला स्थान आहेच. पण ज्याच्या पुढ्यात सोळा मिनिटांचे शब्दविरहित संगीत उभे आहे, त्याच्या दारातच हे वाक्य उभे करणे म्हणजे ते संगीत अपुरे आहे, त्याला कोणीतरी अर्थ पुरवला पाहिजे, अशी कबुली देणे होय. श्रोत्याच्या कानाकडे वळलेला संशय पुन्हा निवेदकाच्या हवाली केला जातो, आणि हा निवेदक असा की त्याच्यावर कोणीही संशय घेणार नाही.

२००७ मधील आवृत्तीत दोन्ही संहिता एकत्र उपलब्ध झाल्या. दुसरीचा ध्वनी अधिक स्वच्छ आणि वेल्सचे नाव मोठे, म्हणून अनेक श्रोते तिलाच परिपूर्ण मानतात. पोच्या वाचकाने मात्र पहिलीपासून सुरुवात करावी. तेथे बास गिटारची ती आकृती काही काळ एकटीच फिरत राहते आणि मग कोणीतरी बोलू लागते. तो माणूस आहे की नाही, हे काही क्षण तरी कळत नाही.